जुन्या ट्रकच्या तेलात पाणी कोठून येते?

मालमोटारीचे इंजिन तेल आणि पाणी या दोन द्रवांच्या आधारावर चालते. हे दोन्ही द्रव एकाच ओतीव लोखंडी ठोकळ्यात बोटभर अंतरावर, किंबहुना काही ठिकाणी केवळ पातळ पत्र्याच्या आडोशाने, शेजारी शेजारी राहतात. परंतु त्यांची गाठ पडणे म्हणजे इंजिनाच्या आयुष्यावर घाला पडणे होय. अशी गाठ पडली आहे हे कसे ओळखावे, आणि ती नेमकी कोणत्या ठिकाणी पडली हे इंजिन उघडण्यापूर्वी तर्काने कसे शोधून काढावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

विषय गॅरेजातला असला, तरी आमच्या विद्यार्थ्यांस तो परका नाही. सुरंगी, दपाडा, मसाट, रखोली या भागांतील कारखान्यांचा माल ट्रकांवरूनच वापीकडे जातो, आणि कित्येक घरांची चूल एखाद्या जुन्या ट्रकच्या चाकावर चालते. ज्या १९५४ साली ऑगस्टच्या २ तारखेस सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, त्याच साली जमशेदपूर येथे टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीतील डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, हा एक योगायोगच. पुढे आपल्या प्रदेशात कारखाने आले, त्यांत इंजिनाचे तेल तयार करणारेही आले. कॅस्ट्रॉल, गल्फ, सविता अशा कंपन्यांचे तेलाचे कारखाने सिल्वासा परिसरात आहेत. म्हणजे जे तेल दूरदूरच्या ट्रकांत ओतले जाते, त्यातले पुष्कळसे आपल्या अंगणात मिसळून डब्यांत भरले जाते. त्या तेलात पाणी शिरल्यावर काय होते हे आपणांस ठाऊक असावे, हे योग्यच आहे.

प्रथम या दोन द्रवांची कामे पाहू. डिझेल जळताना जी उष्णता उत्पन्न होते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीचशी धुराबरोबर निघून जाते, आणि बाकीची पाण्याला वाहून न्यावी लागते. हे पाणी सिलिंडरांच्या भोवती व वरच्या हेडमध्ये खेळते आणि रेडिएटरमध्ये येऊन थंड होते. आज निव्वळ पाण्याऐवजी कूलंट वापरतात. कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी काही द्रव्ये यांचे मिश्रण. आपल्याकडे पाणी गोठण्याची धास्ती नाही, म्हणून ग्लायकॉल कशाला असे पुष्कळ जण विचारतात. परंतु मिश्रणाचा उत्कलनबिंदू त्यामुळे वाढतो, आणि गंज रोखणारी द्रव्ये तर आपल्या हवेत अधिकच अगत्याची आहेत.

तेलाचे काम निराळे. इंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्रात, ज्याला आपले मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात, दहापंधरा लिटर तेल असते. पंप ते उचलून क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोहोचवितो. तेथे फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर राहतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच असते. त्या थरावर सारा भार तोलला जातो. धातूस धातू लागत नाही म्हणूनच इंजिन लक्षावधी किलोमीटर चालते. गरम अवस्थेत तेलाच्या मानाने पाण्याचा दाटपणा तीसचाळीस पट कमी असतो. अशा पाण्याचा थेंब त्या थरात शिरला की भार तोलण्यास काही उरत नाही.

आता या दोघांमधील भिंती. पहिली भिंत म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधील गॅस्केट. त्या एकाच पातळ पत्र्याला ज्वलनाचा वायू, पाणी आणि तेल हे तिन्ही आपापल्या भोकांत अडवून धरावे लागतात. दुसरी भिंत लायनरची. काही इंजिनांत सिलिंडरचे अस्तर, म्हणजे लायनर, सर्व बाजूंनी लोखंडात बसविलेले असते. त्यास कोरडा लायनर म्हणतात. काहींत लायनरच्या पाठीस थेट पाणीच लागते. तो ओला लायनर. ओल्या लायनरच्या खालच्या टोकास रबराच्या कड्या, म्हणजे ओ-रिंगा असतात, आणि त्यांच्या खाली उघडे चेंबर. तेव्हा त्या दोनतीन कड्यांवरच सारा भरवसा. आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे हे त्याच्या पुस्तिकेत आधी पाहावे. कारण कोरड्या लायनरच्या इंजिनात ओ-रिंगेचा शोध घेणे म्हणजे नसलेल्या विहिरीत दोर सोडणे. तिसरी भिंत ऑइल कूलरची. यात पातळ नळ्यांच्या किंवा पत्र्यांच्या एका बाजूस तेल व दुसऱ्या बाजूस पाणी वाहते. चौथी भिंत खुद्द ओतीव लोखंड. ते तापून एकाएकी थंड झाले, उदाहरणार्थ पाणी संपून लाल झालेल्या इंजिनात कोणी थंड पाण्याची बादली ओतली, तर तडकते.

भिंत कोठेतरी फुटली की त्याची बातमी बहुधा तेल मोजण्याच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकवर, मिळते. काळे तेल दुधाळ, चहासारखे किंवा राखाडी दिसू लागते. तेल आणि पाणी मिसळत नाहीत हे आपण लहानपणीच शिकतो. मग हा रंग कोठून येतो? क्रँक मिनिटाला दोन हजार वेळा फिरून रवीसारखे घुसळतो. शिवाय काजळी तरंगती राहावी म्हणून इंजिनाच्या तेलात साबणासारख्या गुणाची द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात, आणि तीच पाण्याचे सूक्ष्म थेंबही धरून ठेवतात. दुधात स्निग्धांशाचे कण पाण्यात तरंगतात. येथे पाण्याचे कण तेलात तरंगतात. प्रकाश त्या कणांवर विखुरतो म्हणून दोन्ही पांढुरकी दिसतात.

तथापि दुधाळ फेस दिसला की इंजिन फुटले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. एक लिटर डिझेल पूर्ण जळाले असता त्यातील हायड्रोजनाचा प्राणवायूशी संयोग होऊन सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. ही वाफ बहुतांशी धुराड्यावाटे जाते, परंतु थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते. ट्रक दिवसभर गुदामापासून कारखान्यापर्यंत असे आखूड फेरेच करीत असेल, आणि त्यात आपल्याकडचा पावसाळा असेल, तर इंजिन पुरते तापत नाही व ही वाफ तेल भरण्याच्या टोपणाखाली जमून पिवळट साय धरते. टोपणावर साय, पण डिपस्टिकवरील तेल स्वच्छ आणि रेडिएटरमधील पाणी जागच्या जागी, असे असेल तर टोपण पुसावे, ट्रक एकदा लांब पल्ल्यास न्यावा आणि पुन्हा पाहावे. डिपस्टिकच दुधाळ असेल तर मात्र हा प्रयोग करू नये. तेव्हा ट्रक आहे तेथेच उभा ठेवावा.

आणखी एक फसवी खूण आहे. तेलाची पातळी न भरता वाढली, तर काहीतरी आत आले हे उघड आहे. परंतु ते पाणीच असेल असे नाही. नोझल गळत असल्यास किंवा डिझेल पंपाचे सील गेले असल्यास डिझेलही तेलात उतरते. असे तेल दुधाळ न होता पातळ होते, त्यास डिझेलचा वास येतो, आणि पांढऱ्या टीपकागदावर थेंब टाकला तर डागाच्या बाहेर फिकट पारदर्शक कडे पसरते. कूलंटने बिघडलेल्या तेलाचा डाग उलट वागतो: काजळी मध्येच साकळून काळा, स्पष्ट कडेचा ठिपका राहतो. हा टीपकागदाचा प्रयोग कोणाही विद्यार्थ्याने करून पाहण्याजोगा आहे. निरोगी गाडीच्या तेलाचा एक थेंब शेजारी टाकून दोन्ही डाग एक रात्र ठेवावेत.

पाणी आहे किंवा नाही हे पाहण्याची याहून थेट रीत म्हणजे ट्रक रात्रभर सपाट जागी उभा ठेवून सकाळी, इंजिन सुरू न करता, चेंबरचा खालचा प्लग हलकेच सैल करणे. तेलाची घनता सुमारे ०.८८, पाण्याची १ आणि अर्ध्या ग्लायकॉलच्या कूलंटची त्याहूनही थोडी अधिक. म्हणून मोकळे पाणी तळाशी बसते आणि तेलाच्या आधी तेच बाहेर येते. पाणी थोडेच असून तेलात पुरते मिसळलेले असेल तर तडतडण्याची परीक्षा उपयोगी पडते. सुमारे दीडशे अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलेल्या पत्र्यावर तेलाचा एकच थेंब सोडावा. स्वच्छ तेल मुकाट्याने पसरते. हजारात एक भाग पाणी असले तरी फोडणीतल्या मोहरीसारखा चरचराट होतो. हा प्रयोग मोठ्या माणसाने, डोळ्यांवर चष्मा लावून, उघड्यावर करावा. विद्यार्थ्यांनी दुरून पाहावा.

येथे एक गोष्ट ध्यानी धरण्यासारखी आहे. इंजिन पुष्कळ तापत असेल तर शिरलेले पाणी उडून जाते आणि परीक्षेत चरचराट होत नाही. ग्लायकॉल मात्र मागे राहते, कारण त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश आहे. म्हणजे पाणी नाहीसे झाले आणि विष राहिले! हे ग्लायकॉल उष्णतेने व हवेने आम्लांत रूपांतर पावते, ती आम्ले बेअरिंगातील शिसे खातात, आणि तेल डांबरासारखे घट्ट होत जाते. अशा वेळी प्रयोगशाळेची मदत घ्यावी. कूलंटमधील गंजरोधक द्रव्यांत बहुधा सोडियम किंवा पोटॅशियम असते. ही मूलद्रव्ये उडून जात नाहीत. तेव्हा वापरलेल्या तेलात ती नव्या तेलाच्या मानाने वाढलेली आढळली की कूलंट येऊन गेले हे सिद्ध होते. त्याच अहवालात तांबे वाढलेले दिसले तर ते कूलरच्या नळ्यांचेही असू शकेल. परंतु शिसे व कथील वाढलेले दिसले तर बेअरिंगे झिजू लागली असे समजावे. अपराधी कोण याचा साक्षीदार आणि नुकसान किती याचा हिशेब असे दोन्ही एका बाटलीभर तेलात सापडतात, ही आम्हांस मोठी मौजेची गोष्ट वाटते.

पाणी आले हे ठरले. आता ते कोठून आले? अनेक गॅरेजांत या प्रश्नाचे एकच उत्तर तयार असते: “हेड उतरवा.” हेड उतरवून नवे गॅस्केट घालायचे, गाडी जोडायची, आणि आठ दिवसांनी डिपस्टिक पुन्हा दुधाळ. मालकाचे पैसे गेले, भाडे बुडाले, हप्ता थकला आणि दोष जागच्या जागी. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दाबाचा विचार करावा. द्रव नेहमी अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो, हा भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला नियम येथे मिस्त्रीच्या उपयोगी पडतो.

इंजिन चालू असता तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीन ते पाच किलो असतो. पाण्याचा दाब, रेडिएटरचे टोपण घट्ट असले तरी, अर्ध्या ते एका किलोपलीकडे जात नाही. सिलिंडरातील ज्वलनाचा दाब मात्र साठसत्तर किलोंहूनही अधिक चढतो. चेंबरच्या पोकळीत, जेथे ओ-रिंगांचे तोंड उघडते, तेथे जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच दाब. एवढे चार आकडे पुरेत.

असे समजू की सुरंगीच्या एका जुन्या ट्रकमध्ये सकाळी तेल दुधाळ दिसते, आणि रेडिएटरचे टोपण काढले तर पाण्यावर तेलाचा तपकिरी तवंग आहे. म्हणजे तेल पाण्यात गेले आणि पाणीही तेलात गेले. हे दोन्ही कसे घडले? इंजिन चालू असता तेलाचा दाब अधिक, म्हणून तेल पाण्यात शिरले. इंजिन बंद झाल्यावर तेलाचा दाब तत्काळ शून्यावर आला, परंतु तापलेल्या रेडिएटरात दाब बराच वेळ टिकून राहिला. तेव्हा पाण्याने उलट वाट धरली. अशी दुतर्फा वाहतूक तेथेच होते, जेथे दाबाचे तेल आणि पाणी यांच्यामध्ये एकच भिंत आहे. ती जागा बहुधा ऑइल कूलर, क्वचित गॅस्केटमधील तेलाच्या वाटेजवळची फट. कूलर तर बाहेरूनच काढता येतो! त्याची एक बाजू बंद करून पाण्याच्या टाकीत बुडवावा व दुसरीकडून बेताची हवा भरावी. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर ज्या रीतीने शोधतात, त्याच रीतीने बुडबुडे छिद्र दाखवितात. हेडला हात लावण्याचे कारणच पडत नाही.

याउलट पाण्यावर तेलाचा मागमूस नाही, पाणी मात्र घटते आणि तेल वाढते, अशी एकतर्फी वाहतूक असेल तर पाणी दाब नसलेल्या जागी पडत आहे. मग ओ-रिंग, लायनरचे छिद्र किंवा ब्लॉकची चीर यांच्याकडे संशय जातो. काही इंजिनांत पाण्याचा पंप, म्हणजे मिस्त्रींची ‘वॉटर बॉडी’, गिअरांच्या पेटीवर बसविलेला असतो. त्याचे सील गेले तर पाणी बाहेर पडावे म्हणून खाली एक बारीक भोक ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले तर पाणी आतच उतरते. काडीने ते भोक साफ करण्यास पैसा लागत नाही, म्हणून ते आधी पाहावे.

आणि इंजिन थंड असतानाच सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येऊ लागले, रबरी होजपाइप पाणी तापण्यापूर्वीच टणक झाले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत आहे. म्हणजे गॅस्केट किंवा हेडची चीर. तो वायू ज्वलनाचाच आहे याची खात्री रसायनाने होते: ब्रोमोथायमॉल ब्लू हा निळा द्रव कार्बन डायऑक्साइड लागताच हिरवा-पिवळा होतो. आमच्या प्रयोगशाळेतील कपाटात असणारी बाटली गॅरेजातही उपयोगी पडते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. मात्र तापलेल्या रेडिएटरचे टोपण कोणीही, केव्हाही उघडू नये. एक किलो दाबाखालील पाणी १२० अंशांच्या जवळ तापूनही उकळत नाही, आणि टोपण सुटताच ते एकदम वाफ होऊन तोंडावर येते.

एकतर्फी गळतीची जागा पक्की करण्यास चेंबर खाली उतरवावे, इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा पसरावा, आणि हातपंपाने रेडिएटरमध्ये टोपणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून रात्रभर वाट पाहावी. विजेरी घेऊन खालून पाहिले असता थेंब लायनरच्या बाहेरच्या कडेने येतो की आतून पिस्टनवरून ओघळतो, हे दिसते. बाहेरून आला तर ओ-रिंग. आतून आला तर लायनरला छिद्र, किंवा वर गॅस्केट. अमुक क्रमांकाचा सिलिंडर, अमुक बाजू, असे बोट दाखवून सांगता येते. तेव्हा हेड उतरवावे लागले तरी ते कशासाठी, हे ठाऊक असते.

लायनरला छिद्र कसे पडते, हे थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. जाड लोखंडाला पाण्याने भोक पडावे हे नवलच. प्रत्येक स्फोटाच्या वेळी पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. त्याची भिंत क्षणभर मागे सरते तेव्हा पाठीमागच्या पाण्यात पोकळी निर्माण होऊन बारीक बुडबुडे उमटतात. भिंत परत येताच ते चिरडले जातात. चिरडताना उत्पन्न होणारा दाब एका बिंदूवर इतका प्रचंड असतो की धातूचा कण उडतो. हीच आपत्ती जहाजांच्या पंख्यांवर ओढवली होती. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ नावेचा पंखा अशाच पोकळ्यांमुळे प्रारंभी पाणी नीट ढकलू शकत नव्हता, आणि १९१७ साली लॉर्ड रॅली यांनी बुडबुडा मिटताना किती दाब उत्पन्न होतो याचे गणित मांडले. तोच बुडबुडा आज खानवेलच्या चढावर एखाद्या ट्रकच्या लायनरवर टिकाव घालीत असतो. योग्य कूलंटमधील द्रव्ये धातूवर संरक्षक थर धरतात व हा मारा सोसतात. विहिरीचे वा नळाचे कोरे पाणी घालणाऱ्यास तो थर लाभत नाही. उलट जड पाण्याचे क्षार साचून उष्णता अडते. कूलंटचे पैसे वाचविले ते लायनरला द्यावे लागतात.

दोष सापडेपर्यंत इंजिन ‘जरा चालवून पाहू’ असे म्हणणे सर्वांत धोक्याचे. रात्रीतून एखाद्या सिलिंडरात पाणी साठले असेल तर सकाळी स्टार्टर मारताच पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी हवेसारखे दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून संशय असल्यास नोझल काढून इंजिन हळूहळू फिरवावे. पाणी असेल ते त्या भोकावाटे उडून जाते. आणि ट्रक वापीपर्यंत चालवीत नेण्यापेक्षा ओढून न्यावा. ओढण्याचे भाडे क्रँक घासून नवी बेअरिंगे घालण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

दुरुस्ती झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. बिघडलेले तेल नळ्यांत, कूलरात, फिल्टरात उरलेले असते. नवे तेल व नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ भाराविना चालवावे, ते तेल गरम असतानाच काढून टाकावे, आणि मग कायमचे तेल भरावे. काढलेला फिल्टर कापून पाहावा: पाणी लागलेला कागद फुगून सुरकुततो, आणि घड्यांमध्ये चकाकणारे कण दिसले तर निदान एक बेअरिंग उघडून तपासणे अवश्य ठरते.

काढलेले तेल कोठे टाकावे? ओढ्यात तर नाहीच. आपला प्रत्येक ओढा दमणगंगेच्या वाटेवर आहे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा गणला जातो व ते परवानाधारक पुनःप्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावयाचे असते. कूलंटविषयी तर अधिकच सावध राहावे. ग्लायकॉलची चव गोड असते. उघड्या घमेल्यात ते राहिले तर कुत्री ते चाटतात, लहान मुलेही तोंडाला लावतात, आणि थोड्याशानेही मूत्रपिंडे निकामी होतात. घमेले रिकामे करून, धुऊन, उपडे घालूनच मिस्त्रीने घरी जावे.